गोळ्या पोस्टानं का पाठवत नाहीत?

"गोळ्याच खायच्या ना? मग त्या पोस्टानं पाठवायला काय होतं गो त्यांना?"

शेजारच्या काकींनी हे विचारलं तेव्हा रिक्षावाला गेटपाशी हॉर्न देत होता आणि मला थिवीला कोकण कन्या गाठायची होती. "येऊन सांगते" म्हणाले आणि निघाले. त्यानंतर मुंबईच्या पंधराएक खेपा झाल्या, काकींना सांगायचं मात्र राहून गेलं. खरं तर त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता. मला ब्लड कॅन्सर आहे, उपचार म्हणजे रोजची एक गोळी, तीही अजून ट्रायलमधली, म्हणजे माणसांवर तपासून बघणं चालू असलेली, आणि ती घ्यायला गोव्यातल्या पेडण्याहून मुंबईला जावं लागतं. असं का, हे समजायला मलाही सहा महिने लागले.

आधी आजाराबद्दल. ब्लड कॅन्सर हे एका आजाराचं नाव नव्हे. त्यातल्या एका गटाला ल्युकेमिया म्हणतात. त्याचेच मुख्य चार प्रकार आहेत, आणि त्यांतले दोन फार झपाट्याने वाढतात. माझा प्रकार सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. सावकाश चालणारा. मला तर तो गॅसेसचा त्रास वाटला होता. अर्धी वाटी पेज प्यायले की पोट गच्च भरायचं. म्हापशाच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि डाव्या बाजूला बरगडीखाली थांबले. प्लीहा वाढली होती. पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजारांच्या दरम्यान असतात, माझ्या १ लाख ८० हजार निघाल्या. तिथून बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, तिथे कमरेच्या हाडातून मगजाचा (अस्थिमज्जेचा) नमुना, आणि दहा दिवसांनी नाव कळलं.

या आजारात रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत क्रोमोसोम (गुणसूत्र) ९ आणि क्रोमोसोम २२ आपापले तुकडे अदलाबदल करतात. आखूड झालेला २२ नंबर १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात. ही अदलाबदल असते हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. या गोंधळात दोन जनुकं जोडली जातात आणि बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. "पेशी वाढवा, पेशी वाढवा" असा हुकूम ते अखंड देत राहतं. जन्मानंतर कधीतरी एका पेशीत झालेला हा बिघाड, त्यामुळे तो मुलांकडे जात नाही. हे वाक्य मी डॉक्टरांकडून तीनदा वदवून घेतलं.

आता गोळी काय करते? आपल्या कदंबाच्या बसमध्ये लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, तसंच समजा. या प्रथिनात एक खाच असते. त्या खाचेत एटीपी नावाचा, ऊर्जा घेऊन फिरणारा रेणू येऊन बसला की हुकूम सुटतो. इमॅटिनिब ही गोळी आधीच जाऊन त्या सीटवर रुमाल टाकते. एटीपीला बसायला जागा नाही, हुकूम बंद.

या गोळीची माणसांवरची पहिली ट्रायल जून १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, पोर्टलँडच्या ब्रायन ड्रकर यांच्या पुढाकाराने. तेव्हा तिला नाव नव्हतं, नुसता कोड होता: एसटीआय५७१. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचे रक्ताचे आकडे ताळ्यावर आले. ही बातमी पेशंटनी इंटरनेटवरून एकमेकांना कळवली. गोळ्या कमी पडतायत म्हटल्यावर मॉन्ट्रियलच्या एका पेशंटने सह्यांची मोहीम काढली, तीन हजारांवर सह्या जमल्या आणि कंपनीने उत्पादन वाढवलं. मे २००१ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. आपल्याकडे किंमत हा वेगळाच विषय होता. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर आणि भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत, अशी तफावत होती. १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळी टिकली. ती मी चार वर्षं खाल्ली.

या चार वर्षांत दर तीन महिन्यांनी एक आकडा यायचा. रक्तात बीसीआर-एबीएलची खूण किती उरलीय, ते पीसीआर तपासणी टक्क्यांत सांगते. सुरुवात १०० टक्के धरतात. ०.१ टक्का म्हणजे हजारपट घट, त्याला चांगला प्रतिसाद म्हणतात. ०.१ बघून मी पेढे वाटले होते. मग एका तरुण डॉक्टरने हिशेब मांडून दाखवला. आजार सापडतो तेव्हा शरीरात अशा पेशी लाख कोटीच्या घरात असू शकतात. त्या हजारपट कमी झाल्या तरी शंभर कोटी उरतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून लोक मनानेच गोळी बंद करतात आणि पुढे पस्तावतात, ते याचमुळे.

मी बंद केली नव्हती, तरी माझा आकडा चढला. आधी ०.०८, मग ०.६, मग ४. म्यूटेशनची, म्हणजे जनुकात झालेल्या बदलाची तपासणी झाली आणि टी३१५आय असा शब्द आला. प्रथिनाच्या साखळीतल्या ३१५व्या जागेवरचा मणी बदलला होता. म्हणजे सीटवरच्या ज्या खिळ्याला रुमाल अडकत होता तो खिळाच गेला आणि जागेवर टेंगूळ आलं. इमॅटिनिब नाही, तिच्या मागून आलेल्या डॅसॅटिनिब आणि नायलोटिनिबचाही रुमाल तिथे ठरत नाही. पोनॅटिनिब ठरते, पण तिच्याने रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. माझे वडील हृदयविकाराने गेले आणि मला स्वतःला बीपी आहे. डॉक्टरांनी कागदावर दोन बाण काढले, पोनॅटिनिबच्या बाणापाशी थोडा वेळ पेन धरून बसले आणि म्हणाले, "मुंबईला एक ट्रायल चालू आहे, बघणार का?"

घरी मी "ट्रायल" म्हटलं आणि सासूबाईंनी "म्हणजे उंदरासारखं?" विचारलं. त्यांना हसू नये. शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर नुसतं "नाही हो" असं देऊन भागत नाही. ट्रायलमध्ये डॉक्टर तुमच्यावर उपचार करतात हे खरं, पण ट्रायल उभी केलेली असते ती एका प्रश्नाचं उत्तर काढायला. पहिल्या टप्प्यात प्रश्न असतो, किती डोस झेपतो? दुसऱ्यात, उपयोग होतो का? तिसऱ्यात, आज जे औषध देतात त्याच्यापेक्षा हे बरं का? डोस ठरवण्याची एक जुनी पद्धत अशी: तिघांना कमी डोस द्यायचा आणि ठरलेले दिवस थांबायचं. तिघांनाही झेपला तर पुढच्या तिघांना वरचा डोस. तिघांपैकी एकाला मोठा त्रास झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. सहांत दोघांना झाला तर पायरी खाली. मी आले तेव्हा ही शिडी चढून झाली होती. माझ्या आधी कोणीतरी सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहिलं होतं, बहुधा स्वतःला फारसा उपयोग होणार नाही इतक्या कमी डोसवर. त्यांची नावं मला कधी कळणार नाहीत.

साखरेच्या गोळीची भीती सगळ्यांना असते. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये चालू उपचार काढून नुसती खोटी गोळी देऊन बसवत नाहीत. तुलना असते ती सहसा आजच्या मान्य औषधाशी. माझ्या ट्रायलमध्ये तर तुलनेचा गटच नव्हता, सगळ्यांना तीच गोळी.

संमतिपत्र २३ पानांचं, मराठीत. मराठी अशी की दोनदा इंग्रजी प्रत मागून घ्यावी लागली. "प्रतिकूल घटना" म्हणजे उलटीसुद्धा, हे कोणाला कळणार? मी ते घरी नेऊन आठवडाभर वाचलं. घरी न्यायला मागणं हा आपला हक्क आहे, संकोच करू नये. ही ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का तेही पाहिलं. ती साइट सगळ्यांना खुली आहे आणि २००९ पासून ट्रायलची नोंद तिथे करणं सक्तीचं आहे. शिवाय नीतिसमितीची मंजुरी लागते. त्या समितीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती आणि एक साधा माणूससुद्धा असावा लागतो.

शेवटच्या पानावर घरात शांतता पसरली. तिथे शिक्षण, नोकरी, वार्षिक उत्पन्न आणि वारसाचं नाव विचारलं होतं. "वारस कशाला?" असं म्हणून आमचे हे उठून अंगणातच गेले. कारण असं की २०१९च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, आणि मृत्यू झाला तर ती भरपाई वारसाला जाते. तिचं सूत्र छापील आहे: ८ लाख गुणिले वयाचा आकडा गुणिले जोखमीचा आकडा, भागिले ९९.३७. वय कमी तर आकडा मोठा. जोखमीचा आकडा ०.५ ते ४ असतो, आणि पेशंट आधीच जितका जास्त आजारी तितका तो लहान. शाळेत मी गणित शिकवते, तरी असं गणित पहिल्यांदाच सोडवलं. वारसाच्या रकान्यात यांचं नाव घातलं.

आता काकींच्या प्रश्नाकडे. पहिला महिना मी डोंबिवलीला चुलत दिरांकडे राहिले, कारण पहिल्या, आठव्या, पंधराव्या आणि बाविसाव्या दिवशी हजेरी होती. पहिला दिवस सांगते. सकाळी साडेसातला उपाशीपोटी पोचायचं. हाताला सुई बसवतात, ती दिवसभर तशीच. एक ट्यूब रक्त, मग ईसीजी. ८:४० ला नर्ससमोर गोळी. ती घड्याळात बघून मिनिटासकट वेळ लिहिते. मग अर्ध्या तासाने रक्त, एक तासाने, दोन तासांनी, चार, सहा, आठ तासांनी. प्रत्येक ट्यूब लगेच बर्फात. शेजारच्या खुर्चीत लातूरचे एक आजोबा होते. त्यांनी दुपारपर्यंत माझ्या डब्यातल्या पोळ्यांची चौकशी दोनदा केली, आणि तिसऱ्यांदा मी एक दिली.

हे कशासाठी? गोळी पोटातून रक्तात किती वेळात चढते, शिखर कधी गाठते आणि कधी उतरते, याचा एक डोंगर कागदावर काढायचा असतो. डोंगर लवकर उतरला तर दिवसातून दोनदा गोळी लागेल. उतरलाच नाही तर दुसऱ्या दिवशीची गोळी त्याच्यावर चढून विषारी पातळी गाठेल. पंधराव्या दिवशी हा सगळा खेळ पुन्हा, कारण तोवर शरीरात रोजच्या गोळ्यांचा साठा स्थिर झालेला असतो. बाजारातल्या औषधांसाठी हा डोंगर कोणीतरी आधीच काढून ठेवलेला असतो, म्हणून ती आपण फार्मसीतून आणून खाऊ शकतो. माझी गोळी अजून औषध झालेली नव्हती. डबीवर नाव नसून अक्षरं आणि आकडे होते. अशी वस्तू पोस्टानं सोडून चालत नाही. किती दिल्या, किती खाल्ल्या, किती परत आल्या याचा एकेका गोळीचा हिशेब द्यावा लागतो. रिकाम्या डब्या मी दर वेळी परत नेते. एकदा एक गोळी मोरीत पडली, तर त्याचीही नोंद झाली.

आणखी एक कारण आहे. पीसीआरचा आकडा प्रयोगशाळेगणिक थोडा हलतो. ०.३ आणि ०.१ यांतला फरक औषधाचा की मशीनचा, हे कळायला सगळं रक्त एकाच ठिकाणी जावं लागतं. म्हणून म्हापशात चांगली लॅब असली तरी ट्रायलचं रक्त मुंबईतच काढायचं.

प्रवासाचा भाग असा, की प्रत्येक तारखेला "खिडकी" असते: ठरलेल्या दिवसाच्या तीन दिवस मागे-पुढे चालतं. पहिल्या महिन्यात ती एकाच दिवसाची असते. मी संध्याकाळी थिवीला चढते, पहाटे दादरला उतरते, काम आटोपून रात्रीच्या गाडीने परत. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, गाड्या सावकाश धावतात. जुलै २०२४ मध्ये आमच्या पेडण्याच्याच बोगद्यात पाणी आलं आणि मार्ग बंद पडला. तेव्हा माझी ट्रायल सुरू झाली नव्हती, पण ती बातमी लक्षात ठेवून जून ते सप्टेंबर मी खिडकीच्या पहिल्याच दिवसाचं तिकीट काढते. एक दिवस हुकला तर मागे सहा उरतात. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत असते आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं. ते पहिल्याच दिवशी मागून घ्यावं. मी तिसऱ्या खेपेला मागितलं आणि त्या पैशांची हळहळ अजून आहे. ट्रायलचा प्रवासखर्च कोण देतं, सोबत्याचा देतात का, पावत्या लागतात का, हे संमतिपत्रात लिहिलेलं असतं. नसेल तर सहीच्या आधी विचारावं. गोळी आणि तपासण्या फुकट होत्या, पण बुडालेल्या रजा कोणी भरून देत नाही.

एकदा पूर्ण खेप वाया गेली. पोचले तर कळलं की सुट्टीमुळे रक्त नेणारा कुरिअर त्या दिवशी नाही. "तुम्हाला कोणी कळवलं नाही का?" असं मलाच विचारलं. तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी कोऑर्डिनेटरला मीच फोन करते, आणि "हो, या" हे मेसेजमध्ये लिहून घेते.

घरी असतानाचं जगणंही या गोळीभोवती फिरतं. बरीच औषधं यकृतातल्या आणि आतड्यातल्या एकाच एन्झाइमच्या हातून मोडली जातात, आणि काही फळं त्या एन्झाइमला गप्प बसवतात. मग गोळी रक्तात साचते. ग्रेपफ्रूट त्यातलं प्रसिद्ध, पण आपल्याकडे ते कोण खातं? आपल्याकडचं त्याचं भावंड म्हणजे पपनस, आमचं तोरिंजन. चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीला, ते टांगलेलं असतं आणि विसर्जनानंतर मीठ-मिरची लावून खायचा आमच्या घरात नेम. मी दोन वर्षं नुसता वास घेतला. गुळवेलीचा काढाही बंद. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्याच डॉक्टरांनी नोंदल्या आहेत. आणि ट्रायलमध्ये यकृताचे आकडे वाढले तर दोष गोळीचा की काढ्याचा, हे कोण ठरवणार? कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) नाहीत. चांगल्या शिजवून चालतात, आणि हे विचारून घेतल्यावर मी डॉक्टरांना जवळजवळ नमस्कार केला.

पर्समध्ये एक कार्ड असतं: ट्रायलचं नाव, रात्री-अपरात्री उचलला जाणारा फोन नंबर. साध्या सर्दीला गेलं तरी ते आधी डॉक्टरांसमोर ठेवायचं, कारण काही अँटिबायोटिक आणि बुरशीची औषधं तोच एन्झाइम अडवतात. पांढऱ्या पेशी खाली असताना १००.४ च्या वर ताप गेला तर वाट बघायची नाही. आमच्याकडे पावसात डेंगी असतो, लेप्टो असतो. नेहमीच्या माणसाला "दोन दिवस बघूया" म्हणता येतं, मला नाही. आणि कुठल्याही कारणाने ॲडमिट झालं, अगदी डेंगीने, तरी ट्रायलच्या डॉक्टरांना लगेच कळवायचं. तशी घटना २४ तासांत त्यांना वर कळवावी लागते.

हे सगळं माझ्या प्रकाराचं. दुसऱ्या ल्युकेमियांत गणित वेगळं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात पेशंटच्याच पेशी काढून, बदलून परत देतात. तिथे ये-जा करून भागत नाही, आधी-नंतरचे काही आठवडे हॉस्पिटलच्या आसपासच राहावं लागतं. त्यासाठी खोली शोधणं हाच निम्मा उपचार, असं लातूरचे आजोबा म्हणाले होते. त्यांच्या नातवाचं चाललं होतं ते.

माझा आकडा ४ वरून ०.२ वर आलाय. आता तीन महिन्यांतून एकदाच जाते. मधल्या महिन्यांतली साधी रक्ततपासणी म्हापशात करून रिपोर्ट मेलवर पाठवायची मुभा मिळाली. म्हणजे काकींचं अर्धं म्हणणं मान्य झालं. प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा ठरलेला आराखडा, बदलला की संमतिपत्रही नवीन, म्हणून गेल्या महिन्यात पुन्हा ती पानं घेऊन घरी आले. लेकीला मार्चमध्ये १८ पूर्ण झाली. वारसाच्या रकान्यात या वेळी तिचं नाव घालायचं ठरलं. तिने सूत्र वाचलं, मोबाईलवर गुणाकार-भागाकार केला, बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तू तोरिंजन खाऊ नकोस हां."